इलेक्ट्रॉन 'दुय्यम' की 'द्वितीयक'?

प्रश्न : धातूवर इलेक्ट्रॉनांचा झोत मारला की धातूतलेच इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, त्या 'सेकंडरी इलेक्ट्रॉन एमिशन'वर मराठीत टिपण लिहितेय. 'दुय्यम उत्सर्जन' चालेल ना?

– न चालायला काय झालं? दुय्यम निबंधक चालतो की!

– निबंधकाला चालतो, कारण तो हाताखालचाच असतो. फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ नुसता 'दुसरा', पण मराठीत 'दुय्यम वागणूक' म्हटलं की कमीपणाच कळतो. इथे कमीपणा कुठला? मोजणीच बघा. झोताचा प्रवाह आधी फॅरेडे कपात, म्हणजे सगळा झोत अडवून धरणाऱ्या धातूच्या पेल्यात, मोजायचा, समजा 10 नॅनोअँपिअर आला. मग झोत तांब्याच्या तुकड्यावर सोडायचा आणि तुकड्याला जोडलेला मापक वाचायचा. तुकड्याला थोडा ऋण विद्युतदाब देतात, म्हणजे बाहेर पडलेले परत येऊन चिकटत नाहीत. आता मापक चक्क उलट्या दिशेला 3 दाखवतो! म्हणजे 10 आत गेले आणि 13 बाहेर आले, गुणोत्तर 1.3. स्वच्छ तांब्याचं कमाल गुणोत्तर साधारण एवढंच असतं, तेही झोताची ऊर्जा काहीशे इलेक्ट्रॉन व्होल्ट असताना. पृष्ठभागाला हवा लागली की आकडा आणखी वाढतो. अगदी अंधुक प्रकाश टिपणारी फोटोमल्टिप्लायर नळी याच गुणाकारावर चालते. पाहुण्यांपेक्षा घरचेच जास्त संख्येने बाहेर पडले, त्यांना दुय्यम कसं म्हणायचं? 'द्वितीयक' लिहा, त्यात दर्जा नाही, नुसता क्रम आहे.

– पण त्या 13 मध्ये आदळून माघारी फिरलेले मूळ इलेक्ट्रॉनही आलेच की. ते द्वितीयक नव्हेत.

– बरोबर, चूक माझी. 1.3 हे एकूण गुणोत्तर झालं. रिवाज असा की 50 इलेक्ट्रॉन व्होल्टपेक्षा कमी ऊर्जेचे ते द्वितीयक, त्यावरचे माघारी फिरलेले. इलेक्ट्रॉनाच्या कपाळावर काही लिहिलेलं नसतं, त्यामुळे रेघ आपणच मारायची.

– मला 'उत्सर्जन' खटकतं. शाळेतली उत्सर्जन संस्था आठवते, मूत्रपिंडासकट.

– कार्बन उत्सर्जन रोज पेपरात वाचता, तेव्हा नाही आठवत?

प्रश्नकर्ती : बरं, 'द्वितीयक' नक्की. आणि त्या गुणोत्तराला, म्हणजे 'यील्ड'ला? मी 'उत्पन्न' लिहिलं होतं.

– सातबारा जोडावा लागेल! 'उत्सर्जन गुणांक' लिहा. गुणोत्तर आहे, एकक नाही, गुणांक शोभतो.