एकाच व्यासपीठावर स्वामीजी, मुनिमहाराज आणि कीर्तनकार : शाल कुणाला, श्रीफळ कुणाला?

निपाणीकर
मंडळी, चिकोडी भागातल्या एका गावच्या कार्यक्रमाला तिघं एकत्र येणार आहेत : लिंगायत मठाचे स्वामीजी, दिगंबर जैन मुनिमहाराज आणि वारकरी कीर्तनकार. कमिटीचं म्हणणं, सगळ्यांना सरसकट भगवी शाल, फेटा, हार घालून मोकळं व्हायचं. आपल्याकडं लोक कपडा बघूनच माणूस कुणाचा ते ठरवतात, म्हणून विचारतोय. सत्कारात आणि फ्लेक्सवर काय सांभाळायचं?

कृष्णाकाठ
आधी शाल बाजूला ठेवा. मुनींनी वस्त्रच सोडलंय. त्यांच्या अंगावर शाल टाकणं म्हणजे व्रताला धक्का, मग ती कितीही भक्तीनं टाका. हार नको, फेटा नको. समोर श्रीफळ ठेवायचं, द्यायचाच असेल तर ग्रंथ.

सोबतच्या संघात कोण आहे तेही वस्त्रावरूनच कळतं. नुसती लंगोटी असेल तर ऐलक. लंगोटी आणि वर एक आखूड वस्त्र असेल तर क्षुल्लक. एकच पांढरी साडी आणि हातात मोरपिच्छी (मोरपिसांचा कुंचा) असेल तर आर्यिका, म्हणजे साध्वी. निवेदकाला हे पाठ पाहिजे, कारण मुनींना ‘नमोस्तु’, आर्यिकांना ‘वंदामि’ आणि ऐलक-क्षुल्लकांना ‘इच्छामि’ म्हणतात. भगव्या वस्त्रात पिच्छी घेतलेले दिसले तर ते भट्टारक, म्हणजे जैन मठाचे प्रमुख. त्यांना मुनी म्हणून पुकारू नका. भोज म्हणजे आचार्य शांतिसागरांचं गाव, सदलग्यात १९४६ साली आचार्य विद्यासागरांचा जन्म. या पट्ट्यात अशी चूक पहिल्या रांगेतली आज्जीसुद्धा पकडते.

बैठकीचं मात्र लोक विसरतात. मुनी गादीवर, सोफ्यावर बसत नाहीत, उघडा लाकडी पाट किंवा चौरंग लागतो. शेजारी स्वामीजींना मखमली सिंहासन दिलं की लांबून मुनी खालच्या मानाचे वाटतात. म्हणून लाकडी चौथरा सिंहासनाच्या बैठकीइतकाच उंच करून घ्या. कूलरचा झोत तिकडं नको. आणि त्यांचा भाग सूर्यास्ताच्या आत उरका, रात्री मुनी बोलत नाहीत.

रंगकाम_चिकोडी
फ्लेक्सचं बोलतो. मठाच्या कावीत, म्हणजे गेरूच्या रंगात, आणि पक्षाच्या भगव्यात फरक आहे, मशीनला तो कळत नाही. छपाईच्या शाईत मॅजेंटा ६० टक्के, यलो १०० टक्के एवढंच दिलं तर भडक केशरी येतं आणि स्वामीजी प्रचाराला निघाल्यासारखे दिसतात. त्यात साधारण १० टक्के ब्लॅक घातलं की गेरूकडं झुकतं. आधी हातभर तुकडा छापून उन्हात बघा.

मुनींच्या फोटोवर फुलांचं चित्र चिकटवणं, धूसर करणं हा सगळ्यात वाईट प्रकार. त्यागाची लाज वाटल्यासारखं दिसतं ते. छातीपर्यंतचा फोटो घ्या, नाहीतर पद्मासनातला, पिच्छी-कमंडलूसह.

आणि पांढऱ्या कपड्यातला फोटो आला म्हणून ‘स्वामी वाटत नाहीत’ असं म्हणत तो रंगवू नका. विजयपूरच्या ज्ञानयोगाश्रमाचे सिद्धेश्वर स्वामी पांढरं धोतर आणि बिनखिशाचा पांढरा सदराच घालायचे. २०१८ मध्ये त्यांनी पद्मश्री नाकारली, तेव्हा त्या नसलेल्या खिशाचा अर्थ कुणाला वेगळा सांगावा लागला नाही. त्यांना भगवं नेसवलेला फ्लेक्स म्हणजे माणूसच बदलला.

टाळकरी
कीर्तनकारांचं सोपं वाटतं, तसं नाही. पांढरं धोतर, सदरा, उपरणं, गळ्यात तुळशीमाळ. त्यांचा गोपीचंदनाचा टिळा उभा, स्वामीजींचे विभूतीचे पट्टे आडवे. चित्र काढणारा इथंच घोळ घालतो. सत्कार कीर्तन संपल्यावर. कीर्तनाच्या गावी जेवू नये, बुक्का लावून घेऊ नये, गळ्यात माळ घालून घेऊ नये, असं तुकोबांनीच सांगून ठेवलंय. ते पाळणारे आजही आहेत, तेव्हा हार आणण्याआधी फोन करा.

कॉलर माइक उपरण्याला लावू नका. टाळ वाजवताना उपरणं सरकतं आणि नुसती खरखर ऐकू येते. सदऱ्याच्या पट्टीला, हनुवटीखाली चार बोटांवर लावा.

निपाणीकर
उपकार झाले. मग स्वामीजींची शाल भगवीच ठेवू की लाल-पिवळी? कमिटीत दोन तट पडलेत.

कृष्णाकाठ
दोन्ही नको. बेळगाव जिल्ह्यात लाल-पिवळा शेला कन्नडचा आणि भगवा फेटा मराठीचा समजला जातो. तारीख १ नोव्हेंबरच्या आसपास असेल तर विचारूच नका : एकीकडं कर्नाटकचा राज्योत्सव, दुसरीकडं सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिवस. फोटो संध्याकाळपर्यंत मोबाईलवर फिरतो आणि स्वामीजी काय बोलले ते कुणी ऐकत नाही. मोतिया रंगाची, बारीक काठाची शाल घ्या. वीरशैवांच्या पंचपीठांपैकी कुणी जगद्गुरू असतील तर मठात विचारून घ्या. प्रत्येक पीठाचा रंग ठरलेला आहे : रंभापुरी हिरवा, उज्जयिनी लाल, केदार निळा, श्रीशैल पांढरा, काशी पिवळा. शाल खांद्यावरून घालताना गळ्यातलं इष्टलिंग (अंगावर धारण केलेलं छोटं शिवलिंग) झाकू नका. ते काम मठातल्या माणसालाच द्या, पुढाऱ्याला नको.

रंगकाम_चिकोडी
मागचा पडदाही मोतियाच घ्या, पण कीर्तनकारांच्या मागं थोडा गडद. नाहीतर पांढऱ्यावर पांढरं, फोटोत नुसता फेटा आणि टाळ दिसतील.