पिल्लू पोपटाला रमवायचं कसं? तुमचे अनुभव लिहा

पुणे, कॉकॅटिएल (तुरा असलेला छोटा पोपट), 4 महिने

आमच्याकडे केशर येऊन सात आठवडे झाले. पिवळं अंग, गालावर केशरी टिकली, म्हणून हे नाव. नर की मादी ते इतक्यात कळत नाही, पण आम्ही 'ती' म्हणतो. मी आणि नवरा दिवसभर कामावर, घरी सासूबाई. त्यांचं आणि केशरचं गूळपीठ आहे, पण त्या दुपारी जरा आडव्या झाल्या की हिचं पिंजऱ्याच्या दारावर चोच आपटणं सुरू होतं. बाजारातून पाच खेळणी आणली: आरसा, घुंगरू, प्लास्टिकची शिडी, रंगीत साखळी, झोका. झोक्यावर बसते. बाकीच्यांकडे ढुंकून बघत नाही, फक्त आरशाला तासन्‌तास चिकटून शीळ घालते, आणि तेच मला बरं वाटत नाही. ज्यांनी पिल्लापासून पोपट वाढवलाय त्यांनी कृपया लिहा. काय चाललं, काय फसलं, अगदी बारीकसारीक गोष्टही सांगा.

सातारा, बजी (बजरिगार, छोटे पोपट) तीन

ताई, आधी आरसा काढा. आमचा पहिला बजी आरशातल्या पक्ष्याला पोटातले दाणे काढून भरवायला लागला होता. माणसांकडे लक्षच देईना. आरसा काढल्यावर चार दिवस ती जागा हुंगल्यासारखी तपासत राहिला, मग हातावर यायला लागला.

आमची खेळणी शेतातली. सुगीत बाजरीची कणसं घरात असतात, थोडं राळंही मिळतं. कणीस वाटीत न ठेवता पिंजऱ्याच्या छताला उलटं बांधायचं. तिघं डोकं खाली करून लोंबकळतात, एकेक दाणा सोलतात, एका कणसावर सकाळ निघते. राळं मात्र आठवड्यातून दोनदाच, नाहीतर बाकी काही खात नाहीत. आणि कोथिंबिरीची जुडी स्वच्छ धुऊन ओलीच टांगून बघा. पाण्याच्या भांड्यात कधी न उतरणारा आमचा धाकटा त्या पानांत घुसतो, छाती घासतो, पंख फुलवतो. बाहेर येतो तेव्हा निथळत असतो.

डोंबिवली, आफ्रिकन ग्रे

आमचा सात महिन्यांचा असताना मी हौसेने मोठं लाकडी खेळणं आणलं आणि थेट पिंजऱ्यात टांगलं. तो कोपऱ्यात दबून बसला, दोन वेळचं जेवला नाही. ग्रेला नव्या वस्तूची धास्ती असते हे मला माहीत नव्हतं, आणि त्या रात्री मला फार वाईट वाटलं. मग ते खेळणं समोरच्या कपाटावर ठेवलं. दोन दिवसांनी टीव्हीजवळ. मग टेबलावर, आणि मी स्वतःच त्याच्याशी खेळत बसले. दहाव्या दिवशी त्याने मान लांब करून एक मणी चोचीत धरला, सोडला, परत धरला.

पण खरा फरक पडला तो द्रोणांनी. पळसाच्या पानांचे, काड्यांनी टाचलेले साधे द्रोण. आत प्लास्टिकचा चकचकीत थर असलेले घेऊ नका. दोन द्रोण तोंडाला तोंड लावायचे, मध्ये बदामाचा तुकडा, कडेने काडी टोचून बंद. तो एका पायावर उभा राहतो, दुसऱ्या पायात द्रोण धरून फिरवतो, जिभेने काडी चाचपतो, ती उपसून बाजूला टाकतो आणि मग पान पट्ट्या-पट्ट्यांनी फाडतो. बदाम मिळाल्यावरही फाडणं थांबत नाही! रानात पोपटाचा बराचसा दिवस खाणं शोधण्यात जातो. आपण भरलेली वाटी समोर ठेवतो, दहा मिनिटांत जेवण उरकतं. मग उरलेल्या दिवसात त्याने करायचं काय? असेच कंटाळलेले ग्रे स्वतःची पिसं उपटायला लागतात. आता आमच्याकडे निम्मं खाणं रोज कशात तरी लपवलेलं असतं.

केशरसाठी सुरुवात सोपी ठेवा. आधी उघडा द्रोण, वर कागदाचा कपटा, दाणे दिसतील असे. पहिल्याच दिवशी कोडं अवघड झालं तर पिल्लू नाद सोडून देतं.

मेलबर्न, कॉकॅटिएल जोडी

इथे शहरापासून लांब, आतल्या कोरड्या भागात रानातले कॉकॅटिएल पाहिलेत. थवाच्या थवा जमिनीवर उतरून गवताचं बी टिपत असतो. म्हणून तुमच्या टांगलेल्या खेळण्यांकडे केशर बघत नसेल तर नवल नाही. एका पसरट ताटात धुतलेले मोठे गोटे, कागदाचे बोळे, लाकडी मणी भरा, त्यात दाणे विखरा आणि ताट जमिनीवर ठेवा. आमची दोघं चोचीने गोटे सरकवत तासभर चरतात.

नागपूर, सन कॉन्युर

माझा अनुभव दुखरा आहे, पण लिहितेच. सुती दोरीचा झोका होता, दोरी पिंजून तंतू सुटले होते. एका संध्याकाळी घरी आले तर पिल्लाचं बोट त्या तंतूंत गुंडाळलेलं, सुजून काळंनिळं. बारीक कात्रीने एकेक धागा कापला, डॉक्टरांकडे धावलो. बोट वाचलं, नख गेलं. तेव्हापासून रोज सकाळी पाणी बदलताना प्रत्येक खेळणं बोटांनी चाचपते. सुटलेला धागा दिसला की खेळणं बाहेर. फट असलेलं घुंगरूही काढा, त्यात नख किंवा चोच अडकते. जस्ताचा मुलामा दिलेली तार, साखळी तर नकोच. पोपट ती चघळतो, आणि जस्त त्याला विषारी आहे.

(सन कॉन्युर किंवा ग्रे असेल तर 2024 च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. कॉकॅटिएल आणि बजी त्या यादीत येत नाहीत.)

नाशिक, लव्हबर्ड

कोरा कागद द्या, बस. आमची पीचफेस मादी कागदाच्या कडेने चोच चालवत जाते, शिवणयंत्रासारखी भोकं पाडत, आणि सरळ लांब पट्टी काढते. मग ती पट्टी पाठीच्या खालच्या पिसांत खोचते. अर्ध्या पट्ट्या उडताना गळतात, ती परत येऊन नव्या काढते. ही घरट्याची तयारी, म्हणून पिंजऱ्यात अंधारी खोपी किंवा डबा ठेवत नाही, नाहीतर अंडी घालत सुटते.

ठाणे, ग्रीन चीक कॉन्युर

सासूबाई घरी आहेत ना, मग त्यांनाच हा खेळ शिकवा. एक काडी घ्यायची. पिल्लाने काडीच्या टोकाला चोच लावली की तोंडाने 'टक्' असा आवाज काढायचा आणि सूर्यफुलाचा एक दाणा द्यायचा. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, पंखा बंद करून. पिल्लू कंटाळायच्या आत थांबायचं. आठवड्यात ते काडीमागे चालायला लागतं, मग हातावर चढणं, पिंजऱ्यात परत जाणं सगळं त्यातूनच. माझ्या आईला गुडघ्यांमुळे फार उठता येत नाही, तिने खुर्चीत बसून आमच्याला गोल फिरायला शिकवलं.

चिपळूण

माझ्याकडे आता पक्षी नाही. लहानपणी आजीकडे हिरवा पोपट होता. आपला देशी पोपट पाळायला कायद्याने बंदी आहे हे तेव्हा घरात कुणालाच माहीत नव्हतं. गेल्या पावसाळ्याआधी ढोलीतून पडलेलं पिल्लू सापडलं, तेव्हा 1926 या हेल्पलाइन क्रमांकावर वनखात्याला कळवलं. खेळण्यांचं एकच सांगते. आजीचा पोपट शेवग्याच्या फांदीवर खूष असायचा, मऊ लाकूड सोलत बसायचा. पेरूची फांदीही चालते. औषध न मारलेली बघा, घासून धुवा, उन्हात वाळवा. कण्हेरीच्या मात्र वाटेला जाऊ नका.

पुणे, केशरची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. आरसा आणि घुंगरू त्याच दिवशी काढलं. पहिले दोन दिवस केशर आरशाच्या जागी जाऊन हाका मारत होती, ऐकवत नव्हतं. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी जेवायच्या ताटात गोटे आणि दाणे मांडले. ती तुरा ताठ करून लांबूनच बघत राहिली, म्हणून त्या स्वतः खाली बसल्या आणि बोटाने गोटे हलवून दाणे 'टिपायला' लागल्या. थोड्या वेळाने तुरा खाली आला आणि ती ताटाच्या काठावर चढली. काल दुपारी सासूबाईंना झोप लागली, उठल्या तेव्हा निम्मे गोटे ताटाबाहेर होते आणि केशर एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत खुपसून झोपली होती. शेवग्याची फांदी रविवारी गावाहून येणार आहे.