एकच शेतकरी तीन खात्यांत: ग्राहकयादीतील दुबार नोंदी कशा शोधाव्यात आणि एकत्र कराव्यात?

उदगीरचा_बियाणेवाला

आमचे उदगीरला कृषी सेवा केंद्र असून अहमदपूर आणि चाकूर येथे शाखा आहेत. मार्चअखेरीला तिन्ही दुकानांच्या ग्राहकयाद्या एका मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये आणल्या, तेव्हा नोंदी अठरा हजारांवर गेल्या आणि त्यांतील कितीतरी माणसे दोनदा-तीनदा आलेली दिसली. एका यादीत नाव देवनागरीत आहे, दुसरीत रोमन लिपीत. ‘वैजनाथ’ कोणी ‘व्ही’पासून लिहिले आहे, कोणी ‘बी’पासून. खरिपाची उधारी तिन्ही दुकानांतून वेगवेगळी जात असल्यामुळे एकाच माणसाकडे एकूण येणे किती, हे पेरणी तोंडावर आली तरी सांगता येत नाही.

मोबाइल क्रमांकावरून नोंदी जुळवून पाहिल्या, पण बाप आणि दोन मुले यांची तीन स्वतंत्र खाती असून तिघांच्याही नावापुढे धाकट्याचाच क्रमांक आहे, अशी उदाहरणे पहिल्याच पानावर सापडली. मायएसक्यूएलमधील साउंडेक्स, म्हणजे नावाच्या उच्चारावरून संकेत काढणारी सोय, वापरून पाहिले, तर भलतीच माणसे एकत्र आली. याहून भरवशाची पद्धत कोणती, आणि नोंदी सापडल्यावर त्या एकत्र करताना काय सांभाळावे?

वसमतचा_संगणकवाला

साउंडेक्स इंग्रजी उच्चारांसाठी बनलेले आहे. त्याचे पेटंट 1918 सालचे, आणि मायएसक्यूएलचे माहितीपत्रकही ते इंग्रजीपुरतेच नीट चालते असे सांगते. ते पहिले अक्षर जसेच्या तसे ठेवते, म्हणून ‘व्ही’ आणि ‘बी’ने लिहिलेले दोन वैजनाथ त्यात कधीच भेटणार नाहीत, ‘डी’ आणि ‘जी’ने लिहिलेल्या ज्ञानेश्वरांचेही तेच. जाधव ‘व्ही’ने संपवले तर संकेत जे-310 येतो, ‘ए-ओ’ने संपवले तर जे-300. उलट शिंदे आणि सावंत या दोघांनाही एस-530 हाच संकेत मिळतो! आपल्याकडे भलती माणसे एकत्र आली ती यामुळेच असावीत.

तुलना करण्याआधी साफसफाई करा. मूळ रकान्यांना हात न लावता शेजारी नवे रकाने करून त्यांत नावाचे एकसारखे रूप साठवावे: सगळी नावे एका लिपीत आणावीत, शेवटचे ‘राव’, ‘अप्पा’ वेगळे काढावेत, मोबाइलच्या आधीचे शून्य किंवा 91 काढून दहाच अंक ठेवावेत. देवनागरीत एक न दिसणारी अडचण असते. ‘कऱ्हाळे’ हे आडनाव काही कीबोर्डवर नुक्त्याच्या ‘ऱ’ने उमटते, तर काहींवर साधा र, हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचे जोडचिन्ह असे उमटते. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती वेगळी अक्षरे आहेत आणि युनिकोड या अक्षरसंकेतांच्या मानकातील एनएफसी या एकसारख्या रूपात आणूनही ती एक होत नाहीत. हा बदल स्वतःच नियम लिहून करावा लागतो.

गावाच्या नावातील ‘खुर्द’ आणि ‘बुद्रुक’ मात्र फालतू शब्द समजून कृपया गाळू नका, कारण ती दोन वेगळी गावे असतात. जिल्ह्याच्या रकान्यात उस्मानाबाद आणि धाराशिव दोन्ही असतील, तर ते आधीच एक करून घ्यावे.

जालन्याचा_विदाप्रेमी

अठरा हजार नोंदींची प्रत्येकीशी तुलना करायची म्हटले, तर 16 कोटी 19 लाख 91 हजार जोड्या होतात. त्याऐवजी गावनिहाय गट करावेत. समजा 300 गावे आणि प्रत्येकी 60 नोंदी असतील, तर जोड्या 5 लाख 31 हजारांवर येतात. गावच चुकीचे लिहिले असेल तर ती जोडी हातची जाते, म्हणून दुसरी फेरी मोबाइल क्रमांकावरून गट करून घ्यावी. मोबाइल सारखा असणे हा पुरावा मानू नये, फक्त तपासण्याचे निमित्त मानावे.

जोडी किती जुळते याचे गुण देताना फेलेगी आणि सन्टर या संख्याशास्त्रज्ञांनी 1969 साली मांडलेला विचार अजूनही उपयोगी आहे: जी गोष्ट विरळा जुळते, तिला जास्त वजन. ‘पाटील’ जुळले तर फारसे काही कळत नाही, ‘कऱ्हाळे’ जुळले तर बरेच कळते. त्यांच्याच पद्धतीप्रमाणे जोड्यांचे तीन भाग करावेत: नक्की एकच, नक्की वेगळे, आणि मधले, जे माणसानेच पाहायचे. आपल्याकडे वडिलांचे नाव मधे लिहायची रीत आहे, हे मोठे भाग्य समजा. बाप-लेकांचा आणि चुलतभावांचा घोळ बहुतेक वेळा तिथेच सुटतो.

हिशेबनीस_परभणी

शोधण्यापेक्षा एकत्र करणे जास्त जोखमीचे आहे. मी पूर्वी ज्या दुकानात हिशेब पाहत होतो, तिथे मोबाइल सारखा म्हणून दोन चुलतभावांची खाती एक केली आणि जुनी नोंद खोडून टाकली. वसुलीला माणूस एकाच्या दारात गेला, तो दुसऱ्याच्या डीएपी खताचे पैसे मागत होता. खाती पुन्हा वेगळी करायला आम्हाला कागदी बिलांचे गठ्ठे सोडून बसावे लागले. दुबार नोंद राहून गेली तर फक्त यादी लांबते. चुकीची जोडली तर गिऱ्हाईक तुटते. म्हणून शंका असेल तिथे खाती वेगळीच ठेवा.

जुनी नोंद कधीही खोडू नये. तिच्यात ‘कोणत्या खात्यात विलीन’ असा एक रकाना ठेवून नव्या खात्याचा क्रमांक, तारीख आणि कोणी केले ते लिहावे. बिले नव्या खात्याकडे वळवताना प्रत्येक बिलाचा जुना ग्राहक क्रमांकही जपावा, आणि एका खात्याचे सगळे बदल डेटाबेसच्या एकाच व्यवहारात (ट्रान्झॅक्शनमध्ये) करावेत, म्हणजे मधेच वीज गेली तरी अर्धवट काही राहणार नाही. पत्ता आणि मोबाइल यांतला एक निवडता येतो, पण आरंभीची शिल्लक निवडायची नसते, तिची बेरीज करायची असते. एकीकडे येणे आणि दुसरीकडे आगाऊ जमा असेल तर चिन्ह सांभाळून. उधारीच्या मर्यादेची मात्र बेरीज करू नये. छापून दिलेल्या बिलावरचे नाव बदलू नये.

उदगीरचा_बियाणेवाला

सर्वांचे मनापासून आभार. आधी बॅकअप घेऊन चाकूर तालुक्यातील एकाच गावावर ही पद्धत चालवून पाहिली. मधल्या गटात अकरा जोड्या आल्या. त्या कागदावर छापून आमच्या तिथल्या जुन्या दिवाणजींसमोर ठेवल्या, तर त्यांनी संगणकाकडे न बघताच सातांवर खूण केली, तीन खोडल्या आणि उरलेल्या एका जोडीवर बोट ठेवून म्हणाले, “हे जुळे भाऊ आहेत, यांना हात लावू नका.”