सिनेमा संपल्या संपल्या उठून जायचं, तर एकत्र बघायचा कशाला?

कृष्णाकाठ (सांगली)

विश्रामबागेत आमच्या भागातल्या वाचनालयाच्या हॉलमध्ये आम्ही दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सिनेमा दाखवतो. दीड वर्ष झालं. प्रोजेक्टर एका सभासदाचा, पडदा वर्गणीतून शिवून घेतलेला, खाली सतरंजी आणि मागे वयस्करांसाठी खुर्च्या. चाळीसेक माणसं येतात. सिनेमा संपून दिवे लागले की त्यातली पंचवीस चपला शोधायला लागतात. चर्चेला उरतो आम्ही बारा-पंधरा जण.

गेल्या बैठकीत सूचना आली की चर्चा बंदच करूया. उशीर होतो आणि चर्चेच्या धास्तीनं काही जण येतच नाहीत, असं म्हणणं पडलं. बहुतेकांनी माना डोलावल्या. मला ते अजिबात पटलेलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

घरोघरी मोठे टीव्ही आहेत. नुसता सिनेमाच बघायचा तर घरची गादी आमच्या सतरंजीपेक्षा मऊ आहे. हॉलमध्ये यायचं ते शेजारच्याला काय दिसलं हे ऐकायला. 1947 साली सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या मित्रांनी कलकत्त्यात फिल्म सोसायटी काढली. रायांचा पहिला सिनेमा ‘पाथेर पांचाली’ पडद्यावर आला 1955 साली. मधली आठ वर्षं ही मंडळी सिनेमे बघत होती आणि त्यावर तावातावानं बोलत होती. त्या बोलण्यातून नजर तयार झाली. आणि 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं ते आपल्याच सांगलीत. नाट्यपंढरी म्हणून मिरवतो आपण, आणि खेळ संपल्यावर अर्धा तास बसून बोलायचं आपल्याला जड जातं?

एक उदाहरण देतो. दोन महिन्यांपूर्वी प्रभातचा 1936 चा ‘संत तुकाराम’ लावला होता. ‘आधी बीज एकले’ सुरू झालं तसे पहिल्या रांगेतले एक आजोबा डोळे मिटून सोबत म्हणू लागले. नंतर चर्चेत ते म्हणाले, तुकोबांचा हा अभंग आपण रोज म्हणतो. तेव्हा मी सांगितलं की हा तुकोबांचा नाही, शांताराम आठवल्यांनी या सिनेमासाठी लिहिलेला आहे. सगळा हॉल चकित झाला. एका गीतकाराचं बोट तुकोबांच्या इतकं जवळ पोचलं की लोकांनी ते गाणं अभंगांतच जमा केलं! चर्चा नसती तर हे चाळीस जणांपैकी कुणालाही कळलं नसतं.

घाटावरची

दादा, मीही त्या दिवशी तिथे होते. तुम्ही सांगितलंत ते खरं आहे, माहितीबद्दल वाद नाही. पण तुमचं लक्ष हॉलकडे होतं आणि माझं आजोबांकडे. त्यांनी उपरणं नीट केलं, दोनदा "असं होय, असं होय" म्हणाले आणि खाली बघत बसले. पुढच्या महिन्यात ते आले नाहीत. ते तुमच्या ध्यानात आलं का?

साठ-सत्तर वर्षं तोंडात बसलेली ओळ आहे ती. सिनेमा संपून दोन मिनिटं झाली नाहीत, माणूस अजून त्या देहूतच आहे, आणि आपण त्याच्या हातात माहिती ठेवतो. ही कसली चर्चा? सिनेमा घरी नेऊ द्या. रात्रभर मुरू द्या. मी तर चर्चा बंद करा याच मताची आहे.

द्राक्षबाग_तासगाव

मी दोनदा आलोय तासगावहून. गाडीवर जायला-यायला तास-दीड तास जातो, तरी आलो, कारण गावात आमच्याशी या विषयावर बोलणारं कोणी नाही. त्यामुळं चर्चा बंद करू नका एवढी विनंती.

पण एक तक्रार आहे. दोन्ही वेळेला बोललं कोण, तर तीन माणसं. कॅमेरा, प्रकाशयोजना, नववास्तववाद. मला हात वर करायचा होता, केला नाही. मला एवढंच म्हणायचं होतं, की सिनेमातला शेतकरी ज्या पद्धतीनं खोरं धरत होता तसं धरलं तर दहा मिनिटांत हाताला फोड येतो. त्या नटानं कधी खोरं हातात घेतलेलं नाही, हे मला पहिल्याच दृश्यात कळलं आणि पुढचा सगळा सिनेमा मला खोटा वाटला. हे बोलण्याजोगं आहे का नाही, तेच समजंना. म्हणून गप बसलो.

कृष्णाकाठ

@द्राक्षबाग, अहो, हे बोलायलाच हवं होतं! प्रकाशयोजनेपेक्षा मोलाचं आहे हे.

@घाटावरची, ताई, आजोबा आले नाहीत हे मला माहीत होतं, पण त्याचा संबंध मी त्या दिवसाशी लावला नव्हता. तरीही मी म्हणेन की खरी गोष्ट लपवणं हा आदर नव्हे. आठवल्यांचं श्रेय आठवल्यांना नको का? ज्यानं ते लिहिलं त्याचं नाव चाळीस माणसांच्या हॉलमध्येही घ्यायचं नाही, हा दुसऱ्या बाजूनं अन्यायच आहे.

घाटावरची

श्रेय द्यायला माझी ना नाही. सिनेमा सुरू व्हायच्या आधी द्या. फळ्यावर लिहा.

आणि एक सांगते. चर्चेत बायका बोलत नाहीत असं तुम्ही मागे म्हणाला होतात. आम्ही बोलतो, तिथे नाही इतकंच. त्या रात्री आम्ही चौघी चालत घरी निघालो. आवली पोराला ओढत देवळात जाते आणि विठोबाला मारायला पायातली चप्पल हातात घेते, त्या प्रसंगावर आमचं घर येईपर्यंत आणि मग फाटकाशी उभं राहून बोलणं चाललं. एकीची सासू अशीच होती. सासरे दिंडीत, आणि घरी म्हशीची धार, चार पोरं, सावकार दारात. ती म्हणाली, "सिनेमा नवऱ्याच्या नावाचा आहे, पण घर चालवलंय हिनं." तुमच्या हॉलमध्ये त्या दिवशी कोणी आवलीचं नाव तरी काढलं का? सगळा वेळ चमत्कारांची दृश्यं कशी घेतली असतील यात गेला.

मिरज_तंबोरा

चर्चा नकोच, या मताचा मीही. आमच्याकडे मैफल संपल्यावर कोणी उभं राहून "आता या भैरवीवर बोलूया" म्हणत नाही. चांगला सूर कानात घेऊन माणूस गुमान घरी जातो. सिनेमालाही तेवढी शांतता द्यावी.

पेठभाग_जुना

मैफल वेगळी आणि सिनेमा वेगळा, मिरजकर. ‘सामना’ बघून गुमान घरी जाता येईल का हो? डॉ. लागूंचा मास्तर आणि निळूभाऊ फुल्यांचा साखरसम्राट हिंदुराव समोर, आणि बघणारे आपण सगळे ऊसपट्ट्यातले, कुणी कारखान्याचा सभासद, कुणी कामगार. तो सिनेमा बघणाऱ्याला प्रश्न विचारतो. उत्तर न देता चप्पल घालून निघालं तर तो अर्धाच बघितला म्हणायचा. माझा आग्रह आहे की ‘सामना’ लावा आणि त्या दिवशी चर्चेला पुरता एक तास ठेवा.

कागदपत्र_नीट

विषय थोडा वेगळा, पण महत्त्वाचा. ‘सामना’ला अजून 60 वर्षं झालेली नाहीत. आपल्या कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर 60 वर्षं राहतो, त्यामुळे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची लेखी परवानगी घ्या. तिकीट लावत नाही म्हणून चालतं, हा गैरसमज आहे. घरच्या मोबाईलवर पैसे भरून घेतलेलं ओटीटीही घरच्यापुरतंच असतं, हॉलमध्ये लावायला नाही. 1936 च्या ‘संत तुकाराम’ला किंवा 1953 च्या ‘श्यामची आई’ला ती अडचण नाही.

शेजारचा_जिना

मी आजवर फक्त वाचत होतो. ते आजोबा आमच्याच इमारतीत राहतात, म्हणून लिहितो. नाव देत नाही.

त्यांना लागलंय, हे खरं. पण इथे समजलं जातंय त्या कारणानं नाही. मी परवा त्यांच्याकडे बसलो होतो, तेव्हा विषय निघाला. अभंग आठवल्यांचा आहे याचं त्यांना वाईट वाटलेलं नाही. उलट म्हणाले, "लिहिणारावर तुकोबांची कृपा असणार, त्याशिवाय असं उतरत नाही." सकाळी अजूनही तोच म्हणतात.

त्यांना लागलं ते वेगळंच. त्यांना त्या दिवशी पुढे बोलायचं होतं. लहानपणी गावच्या यात्रेत तंबूतल्या टॉकीजमध्ये त्यांनी हाच सिनेमा बघितला होता. खाली माती, बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. तंबूच्या दाराशी लोकांनी पायताणं काढून ठेवली होती, देवळात जाताना काढतात तशी. त्यांच्या आईनं सोबत नारळ आणला होता आणि तो कुठे फोडायचा ते तिला कळेना, कारण देव कापडावर होता. शेवटी मशीनवाल्यानं तो पडद्याखालच्या दगडावर फोडून दिला आणि खोबरं वाटलं. हे सांगायला म्हणून आजोबांनी अभंगापासून सुरुवात केली होती. पहिल्याच वाक्याला दुरुस्ती आली, मग दहा मिनिटं आठवल्यांवर बोलणं झालं, आणि नारळ राहूनच गेला.

कृष्णाकाठ

हे वाचून बराच वेळ काही लिहावंसं वाटेना. मी त्यांना थांबवलं. मला वाटलं होतं, मी त्यांना काहीतरी देतोय.

घाटावरची

मीही चुकलेच की. मी इथे त्यांच्या वतीनं चर्चा बंद करा म्हणून भांडत होते, आणि त्यांना तर बोलायचं होतं. मीही त्यांना विचारायला गेले नाही.

मिरज_तंबोरा

माझं मत कायम आहे. दिवे लागल्यावर लगेच कुणी बोललं नसतं, पाच मिनिटं नुसते बसला असता, तर आजोबांना त्यांच्या वेळेनं सुरुवात करता आली असती. मी त्या शांततेबद्दलच म्हणत होतो.

द्राक्षबाग_तासगाव

मग तसंच करा की. आधी चहा. कपबशी हातात असली की माणूस मोकळा होतो. आणि ज्यांनी पुस्तकं वाचलीत त्यांनी सगळ्यात शेवटी बोलायचं. आधी आम्ही.

पेठभाग_जुना

शेवटी का? सारखं बोला ना सगळे. अभ्यास केलेल्याला गप्प बसवणं हेही काही बरोबर नाही. त्यानं तोंडच उघडलं नाही तर आपण वर्षानुवर्षं "आमची आई अशीच होती" एवढ्यावरच अडकू. सिनेमाला त्याची स्वतःची भाषा आहे, ती कुणीतरी शिकवायला नको का?

घाटावरची

शिकवा ना, शिकायला आवडेल. फक्त "आमची आई अशीच होती" हे अडकणं नाही, तिथूनच सुरू होतं.

कृष्णाकाठ

पेठभागकर, तुमच्याशी मी यावर भांडणार आहे, पण समोरासमोर, हॉलमध्ये.

बैठकीत मी हे मांडतो: सिनेमाची आणि तो करणाऱ्यांची माहिती आधीच फळ्यावर, संपल्यावर पंधरा मिनिटं चहा, मग बोलणं, आणि सुरुवात मागच्या खुर्च्यांपासून. मी स्वतः पहिला अर्धा तास बोलणार नाही. या शनिवारी ‘श्यामची आई’ आहे. @शेजारचा_जिना, उद्या संध्याकाळी आजोबा घरी असतील का? बोलावणं करायला मी स्वतः येतो.

शेजारचा_जिना

सहानंतर या. हरिपाठ त्याआधी होतो. आणि हॉलच्या बाहेर तीन पायऱ्या आहेत, तिथला दिवा गेलाय. तो शनिवारच्या आत बदला, त्यांना रात्री कमी दिसतं.

द्राक्षबाग_तासगाव

दिवा मी घेऊन येतो. शनिवारी तसंही मार्केटला यायचंय.