ओढ नाही, तरी रांग
एक प्रश्न आलाय: रेणू एकमेकांना ओढत नसतील तर नेमॅटिक अवस्थेत (द्रव-स्फटिकाची अशी अवस्था, जिथे लांबट रेणू द्रवासारखे वाहतात पण एकमेकांना साधारण समांतर राहतात) ते एका दिशेला वळतात कसे? ओढीची गरजच नाही. आमच्या गुहागरकडे खराट्यासाठी झावळीचे हीर काढतात. त्यांचे बोटभर तुकडे परातीत थोडे टाकले तर कसेही पडतात. भरपूर टाकून परात हलवत राहा, शेजारी शेजारी लागतात. लार्स ऑनसागर या शास्त्रज्ञाने १९४९ साली लांबट कणांबद्दल हेच गणिताने दाखवलं: गर्दीत वळायची मोकळीक जाते, पण सरकायला जास्त जागा मिळते, म्हणून एकूण एन्ट्रॉपी, म्हणजे कण मांडले जाण्याच्या शक्यता, वाढते.

बुडखा कुठे, शेंडा कुठे, याला मात्र महत्त्व नाही. मला हाच मुद्दा सगळ्यात मोलाचा वाटतो. टोकांत भेद नसल्यामुळेच या रचनेत अर्ध्या फेऱ्याचे दोष पडू शकतात: अशा बिंदूभोवती एक पूर्ण चक्कर मारली की कणांची दिशा अर्धाच फेरा वळते, चकरेच्या अंगाने वळली तर अधिक, उलट वळली तर उणे. बोटाच्या ठशात रेघ जिथे वळसा घेते तो अधिक अर्धा, तीन दिशांच्या रेघा भेटतात तो उणे अर्धा. पेशींच्या थरातही हे दोष दिसतात. २०१७ साली अस्तर-पेशींवर झालेल्या प्रयोगांत मुख्यतः अधिक अर्ध्या दोषापाशी पेशी मरून थराबाहेर ढकलल्या जाताना आढळल्या.