मदत हवी आहे: 'हॅकनी डायमंड्स' आणि 'डार्क मॅटर' एलपीवर (विनाइल रेकॉर्डवर) मोकळे वाजतात का?

रोलिंग स्टोन्सचा 'हॅकनी डायमंड्स' (२०२३) आणि पर्ल जॅमचा 'डार्क मॅटर' (२०२४), दोन्ही अल्बमचा निर्माता अँड्र्यू वॉट. गाणी दमदार आहेत, पण आवाज पार ठासून भरलाय, हळू-मोठ्यातला फरकच उरला नाही. स्नेअर ड्रमचा फटका गिटारच्या वर येतच नाही, चौथ्या गाण्यापर्यंत कान शिणतात. स्पॉटिफायचं नॉर्मलायझेशन (सगळी गाणी एका पातळीवर आणणारी सोय) लावून उपयोग नाही. ते नुसता आवाज उतरवतं, लिमिटरने (ठरावीक पातळीवरचा आवाज दाबणाऱ्या साधनाने) छाटलेली टोकं परत येत नाहीत. मेटॅलिकाच्या 'डेथ मॅग्नेटिक'ला (२००८) निदान 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेममधली मोकळी आवृत्ती तरी होती!

या दोन्हींच्या एलपीसाठी मास्टरिंग (छापण्याआधी आवाजावरचा शेवटचा हात) वेगळं केलंय का? कृपया डीआर मीटरचे (हळू-मोठ्या आवाजातला फरक मोजणाऱ्या साधनाचे) आकडे देऊ नका, सीडीच्याच मास्टरवरून कापलेल्या एलपीचाही आकडा फुगतो. सीडी आणि एलपी दोन्ही ऐकलेल्यांनी एवढंच सांगा, आवाज सारखा ठेवल्यावर स्नेअर सुटा ऐकू येतो का?