‘चटका बसला तरी मेंदूला कळत नाही’ हे मुलांना शिकवलं कोणी?

फोंड्याची विज्ञान टीचर
काल इथे कुणीतरी लिहिलं, ‘दहावीच्या पोरांना डोळ्याची साधी आकृती येत नाही, मोबाइलने यांचे मेंदू कामातून गेले.’ वाचून झोप लागेना. बावीस वर्षं मी हे धडे शिकवतेय. उजेड झाडावरून डोळ्यात येतो, पण मोबाइल नव्हते तेव्हाही मुलं बाण डोळ्यातून झाडाकडेच काढायची!

परवा घटक चाचणीत एका मुलीने झावळ्यांसकट सुरेख माड काढला, आणि बाण डोळ्याकडून माडाकडे. तिला प्रयोगशाळेत नेलं, सगळ्या खिडक्या लावल्या. मिट्ट काळोख. म्हटलं, “टाक आता नजर, दिसतो का फळा?” ती गप्प. मग एक खिडकी किलकिली केली. तिने आपणहून खोडरबर मागितला.

त्याहून वाईट म्हणजे ‘प्रतिक्षिप्त क्रियेत मेंदूला काही कळत नाही.’ हे मुलांनी घरून आणलेलं नाही, आपण शिकवलंय. चटका बसला की हात विचार न करता आपोआप मागे येतो, ती प्रतिक्षिप्त क्रिया. हात मागे घ्यायचा हुकूम मेरुरज्जूतून, म्हणजे पाठीच्या कण्यातल्या मज्जेच्या दोरीतून सुटतो, खरं. पण चटक्याची वर्दी मेंदूकडेही जातेच. नाहीतर ‘आई गं’ कोण म्हणतं?

साखळीचे निवृत्त मुख्याध्यापक
टीचर, एका गुणाचा प्रश्न, उत्तर ‘मेरुरज्जू’. मुलाने तिथे ‘मेंदू’ लिहिलं की गुण गेला. पस्तीस वर्षं मी हेच घोकून घेतलं, त्यांतले कितीतरी आज डॉक्टर आहेत. आधी पाठांतर, मग समज. पोरांना गोंधळात टाकू नका.

म्हापशाचा पालक
दोष भाषेचा आहे. ‘नजर टाक’, ‘दृष्ट लागली’. डोळ्यातून काहीतरी बाहेर जातं हे मराठी पोर आईच्या मांडीवरच शिकतं. मुलाला चौथीपर्यंत मराठीत घातलं आणि पाचवीत इंग्रजी आल्यावर त्याचे हाल झाले. 2011 मध्ये गोव्यात इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं ठरलं, ते योग्यच होतं.

डिचोलीकर
युक्लिड आणि टॉलेमी मराठी बोलायचे का? डोळ्यातून किरण निघतात हे त्यांनीच मांडलं होतं. ते खोडलं अकराव्या शतकात इब्न अल-हैथमने. आणि तुमच्या इंग्रजीचं ऐका. माझी भाची ‘प्यूपिल’ म्हणजे विद्यार्थी शिकली होती. पुढे डोळ्याच्या धड्यात विद्यार्थी कुठून आला म्हणून रडकुंडीला आली. मी म्हटलं, बाहुली गं! समोरच्याच्या डोळ्यात आपली इवलीशी बाहुली दिसते ना, ती. लगेच कळलं. मूळ लॅटिन शब्दाचाही अर्थ तोच आहे.

म्हापशाचा पालक
बाहुलीचं मान्य. पण घरी डोळ्यातल्या मधल्या काळ्या टिकलीला बाहुली म्हणतं कोण? सगळे बुबुळ म्हणतात. रंगीत भागालाही बुबुळ, नेत्रदानाच्या बातमीत पुढच्या पारदर्शक पडद्यालाही बुबुळ. तीन भागांना एक शब्द! आणि ती काळी टिकली नाही, उजेड आत जायचं भोक आहे, हे तुमच्या मराठीने कुठे सांगितलं?

डिचोलीकर
इंग्रजीनेही नाही सांगितलं. शिक्षकाने सांगायचं असतं. शाळेवरचा राग भाषेवर काढू नका. मराठीत शिकवा, कोकणीत शिकवा, पण पोर ज्या भाषेत भांडतं त्या भाषेत शिकवा.

पेडण्याची सून
भांडा, पण या बुबुळाने आमच्या घरी काय केलं ते वाचा. सासूबाईंनी नेत्रदानाचा फॉर्म भरला होता. त्या गेल्या त्या रात्री दीर अडून बसले. “डोळे काढून दुसऱ्याला लावणार, आईला रिकाम्या खोबणींनी पाठवू?” चेहरा विद्रूप होत नाही, आणि दुसऱ्याला बसवतात ते फक्त पुढचं पारदर्शक पटल, हे आमच्यापैकी कुणालाच धड सांगता आलं नाही. अख्खा डोळा बसवून दृष्टी आणणं अजून कुणालाच जमलेलं नाही, कारण डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या मागच्या नसेत, दृष्टिचेतेत, दहा लाखांच्या आसपास तंतू असतात आणि एकदा तुटले की ते पुन्हा जुळत नाहीत. हे मी नंतर वाचलं. सहा तासांच्या आत व्हायला हवं होतं. वादातच उजाडलं. दीर विज्ञानाचे पदवीधर आहेत. आकृती त्यांना नावांसकट येत होती.

फोंड्याची विज्ञान टीचर
वहिनी, नाव न घेता हे वर्गात सांगू का? सर, गोंधळाची भीती घालता, पण पाठांतराने काय होतं ते हे.

आता माझं एक ऐका. पेजेचा उकळता टोप उचललात, बोटं पोळली आणि पायाशी नातू रांगतोय. टोप सोडाल? दात आवळून चुलीवर परत ठेवाल. तो हात कुणी धरून ठेवला? मेंदू मेरुरज्जूला थोपवू शकतो, सर. तो या गोष्टीच्या बाहेर नाहीच.

साखळीचे निवृत्त मुख्याध्यापक
नातू मध्ये आणलात म्हणून लिहितो. चवथीला नेवऱ्या तळताना कढईच्या काठाला हात लागला. हात आधी मागे आला, आग मागून भडकली. इतकी मागून की मी हाताकडे बघत राहिलो. ती उशिरा का?

फोंड्याची विज्ञान टीचर
स्नायूला हुकूम नेणारे तंतू सेकंदाला पन्नास मीटरच्या आसपास पळतात. ती मागाहून येणारी जळजळ नेणारे तंतू सेकंदाला जेमतेम मीटरभर, आणि मेंदूपर्यंतची वाटही लांबची.

साखळीचे निवृत्त मुख्याध्यापक
बरं. ‘कळत नाही’ हे चूक, ‘मागून कळतं’ म्हणा. पण मग तो प्रश्न एका गुणाचा ठेवू नका, दोन गुणांचा करा आणि नमुना उत्तरात मेंदू लिहा. ‘मेंदूलाही’ असं लिहिणाऱ्या पोरांचे गुण मी कापलेत. ती आता चाळिशीत असतील.